हदगावचे गंगाधरराव आणि तू

मन्मथ, तुला बसवून नेलं, तिथंच माझी पंचाईत झाली.

आमच्याकडं गेलेला माणूस आडवा असतो. नाकात कापूस, चार खांदे आणि नदीचा रस्ता. ते बघितलं की मनाला पटतं. पण तुम्ही लिंगायत. तुला सजवलेल्या खुर्चीत मांडी घालून बसवलेलं, कपाळभर विभूती, गळ्यात हार, पुढं टाळ-मृदंग. लातूरच्या भर रस्त्यातून तू आम्हा सगळ्यांपेक्षा उंचावर बसून चाललेला, आणि चेहऱ्यावर तोच भाव, जो स्टेजवर पहिलं गाणं सुरू करण्याआधी डोळे मिटून उभा राहताना असायचा. मला वाटलं, आता हा एक डोळा उघडणार आणि इरफानला मानेनं खूण करणार. इरफान माझ्या शेजारीच चालत होता. इतकी वर्षं तुझ्या पाठीमागं बसून ड्रम बडवणारा माणूस, त्या दिवशी पहिल्यांदा तुझ्या मागून पायी चालला होता. तो माझ्या कानाशी येऊन म्हणाला, "दत्ता, देख रे, ये अब्बी आंख खोलता." म्हणजे शंका मला एकट्याला नव्हती.

समाधीच्या खड्ड्यातही तुला बसवलंच. जंगम स्वामींनी हातात लिंग दिलं, बेल वाहिला, घरचे 'लिंगैक्य झाला' म्हणाले. मी मूठभर माती टाकली ती हळू टाकली, उगाच तुझ्या डोळ्यांत जायला नको म्हणून. कावीळ झाली होती म्हणे. काविळीनं आजकाल कुणी मरतं का? ऐन चाळिशीत? डॉक्टरला खोदून खोदून विचारलं, लिव्हरचं काय काय तो बोलला, मला त्यातलं अर्धंही खरं वाटलं नाही. 

तू मला पंचनामा म्हणायचास. "आला आमचा पंचनामा." चहावाल्यानं साखर घातली का नाही इथपासून आयोजक खरंच त्या गावचा आहे का इथपर्यंत मी सगळं तपासून बघायचो, आणि तू हसायचास. असू दे. मी जन्माचा संशयी आहे आणि हे लिहितोय ते काही तुझी माफी मागायला नाही. मला एकच गोष्ट कळायची राहिली आहे, जी मी तुला इतकी वर्षं विचारली आणि तू कधी ताकास तूर लागू दिली नाहीस. तू मला बँडमध्ये घेतलंस ते मी वाजवीन म्हणून, की माझ्या घरी टेम्पो होता म्हणून?

हसू नकोस. सुरुवात आठव. तू लातूरचा, भांड्याच्या दुकानदाराचा पोरगा, नांदेडला इंजिनीयर व्हायला आलेला. कॉलेजच्या गॅदरिंगला मी बापाच्या टेम्पोतून साउंडचे डबे घेऊन आलो होतो. इरफानचा ड्रम मांडून झाला होता, तू गिटार लावून तयार होतास, आणि चार जाड तारांचं ते लांब दांड्याचं गिटार नुसतंच भिंतीला टेकवलेलं. ते वाजवणारा ऐनवेळी गावाकडं पळाला होता. तू माझ्याकडं बघितलंस. माझ्याकडं म्हणजे, मला आजही खात्री आहे, आधी माझ्या मागं उभ्या असलेल्या टेम्पोकडं बघितलंस आणि मग माझ्याकडं. म्हणालास, "भजनात काय वाजवतोस का गावाकडं?"

मी म्हणालो, "पखवाज वाजवतो की थोडा."

"मग झालं. चार चाकं सांभाळतोस, चार तारा न्हाई का सांभाळणार?"

चार चाकं! पहिल्या वाक्यातच टेम्पो आला, मन्मथ. शंकेची पाल चुकचुकली ती तेव्हाच. पण मी ते गिटार गळ्यात घातलं, तू मला दोन जागा दाखवल्यास, इथं दाब आणि तिथं दाब, बाकी इरफानच्या पायाकडं बघ. मी त्याच्या पायाकडं बघत गेलो. कार्यक्रम संपला तेव्हा माझी बोटं सोलून निघाली होती आणि मला घरी जाऊ वाटत नव्हतं.

बँडचं नाव 'कोरडवाहू' ठेवायचं तुझ्या डोक्यातून निघालं. इरफान म्हणाला, "क्या नाम है ये, सुनके पानी पीने को होता." पण नाव चाललं. मग आपण फिरायला लागलो. टेम्पोच्या मागच्या भागात ड्रम, स्पीकर आणि ताडपत्रीखाली इरफान, पुढं मी आणि तू. कुठं कुठं गेलो! गणपती मंडळं, जत्रा, कॉलेजं, पुढाऱ्यांचे वाढदिवस. उदगीरला तुझी आत्या दारात उभी राहून कानडीत 'ऊटा आयता?' विचारायची, आणि जेवण झालं म्हणून सांगितलं तरी पानं वाढायची. एका जत्रेत पंचांनी दोन गाणी ऐकून घेतली आणि मग नम्रपणे विचारलं की, नवरदेव घोड्यावर बसतानाचं काही येतं का. तू मान डोलावलीस आणि तेच वाजवलंस, पण असं वाजवलंस की पंचांसकट सगळी जत्रा नाचली. किनवटच्या वसतिगृहात लाईट गेली, तर पोरांनी ताटल्या वाजवून ताल धरला आणि तू बिनमाइकचा गायलास. तुझा आवाज मागच्या भिंतीपर्यंत पोचत होता. माझं गिटार विजेवरचं, ते मुकं झालं होतं. मी मुक्या तारा वाजवत राहिलो. तू मधेच माझ्याकडं वळून मान हलवलीस, जसं काही तुला ऐकू येत होतं.

एक गोष्ट मी तेव्हाही टिपली होती. तू नेहमी पुढं माझ्याशेजारीच बसायचास. इरफाननं किती वेळा जागा मागितली, मागं ताडपत्रीत उकडून मरतो म्हणाला, तू ऐकलं नाहीस. मला वाटायचं, साहेबांना खिडकीची हवा पाहिजे, मालकाची जागा पाहिजे. रस्ताभर तू नकला करायचास. पेट्रोलपंपावरचा माणूस, कॉलेजचे प्राचार्य, तुमचे जंगम स्वामी, माझा बाप. माझ्या बापाची नक्कल तर इतकी हुबेहूब की मी एकदा घाबरून ब्रेक मारला होता. ही नकलांची गोष्ट लक्षात ठेव, पुढं कामाला येणार आहे.

'आउटर' हे गाणं झालं तेव्हा मात्र टेम्पो नव्हता. तो गॅरेजला होता, इंजिनाचं काम निघालं होतं. परभणीला कार्यक्रम होता आणि तू ऑटो घेऊन माझ्या घरी आलास. "चल, रेल्वेनं जाऊ." मी म्हणालो, टेम्पो नाही. तू म्हणालास, "मला दिसायलंय की. मी तुला बोलवायला आलोय." खरं सांगू? मी तेही तपासून बघितलं होतं. मला वाटलं, दुसऱ्या दिवशी टेम्पो गॅरेजातून निघणार म्हणून हा मला धरून ठेवतोय. येताना गाडी नांदेडच्या बाहेर आउटरला थांबली. समोर स्टेशनचे खांब दिसतात, घराकडचा रस्ता दिसतो, पण सिग्नल पडत नाही. डब्यातले सगळे उठून सामान हातात घेऊन उभे. एक बाई पोराला सारखी सांगत होती, ते बघ, ते बघ आपलं गाव. तू गिटार काढलंस.

आउटरला गाडी हाय, गाव दिसतंय म्होरं,
सिग्नल काही पडंना, दारी उभी पोरं.

सिग्नल पडेपर्यंत मुखडा झाला होता. ती बाई म्हणाली, "भाऊ, पुढचं बी म्हणा की." तुला पुढचं अजून सुचलं नव्हतं.

नांदेडातल्या एका छोट्या स्टुडिओत ते गाणं आपण रेकॉर्ड केलं. दुसऱ्या कडव्याला मी चुकलो. तिथं मला तुझ्या शब्दाबरोबर यायचं होतं आणि मी इरफानच्या पायाकडं बघण्याच्या नादात उशिरा आलो. पुन्हा वाजवतो म्हणालो, वाजवलंही, दुसऱ्यांदा बरोबर वाजवलं. आणि तू ठेवलंस ते चुकलेलंच! मी तुझ्याशी भांडलो. तू एवढंच म्हणालास, "र्‍हाऊ दे तसंच." का, ते सांगितलं नाहीस. मी आपला समजलो की तुला माझ्या वाजवण्याचं काही पडलेलं नाही, बरोबर काय आणि चूक काय, गाडी चालवली म्हणजे झालं.

मग रेडिओ. आपल्याकडच्या एफएमवर रविवारी सकाळी फर्माईशीचा कार्यक्रम लागतो. लोक फोन करतात, निवेदन करणाऱ्या ताई गोड बोलतात, गाणं लागतं. त्यात कुणीतरी आपलं गाणं घुसवलं. पहिल्यांदा लागलं तेव्हा मी मोंढ्याच्या बाजारात हळदीची पोती उतरवून घेत होतो. हमालाच्या खिशातला मोबाइल वाजत होता. मी ओरडलो, "थांब, हे आमचं हाय!" हमाल म्हणाला, "गाणं तुमचं असंल मालक, मोबाइल माझा हाय." मी त्याच्याजवळ कान नेला आणि माझं वाजवणं शोधायला लागलो. सापडलं नाही. मोबाइलच्या त्या इवल्याशा स्पीकरातून जाड तारा येतच नाहीत. तुझा आवाज, तुझं गिटार, इरफानची थाळी, सगळं होतं. मी नव्हतो.

पुढं ते गाणं कुठं नव्हतं ते विचार. ऑटोत, रसवंतीवर, लग्नात. लातूरच्या रेडिओनं घेतलं, संभाजीनगरनं घेतलं, पुण्याहून बोलावणं आलं, तिथल्या स्टुडिओत तुझी मुलाखत झाली. रेल्वे ऑफिसातले लोक गाडी लेट झाली की गाणं म्हणायचे. लोक रस्त्यात तुला थांबवून फोटो काढायचे आणि मोबाइल माझ्या हातात द्यायचे, "भाऊ, जरा काढा की." मी काढायचो. चांगले काढायचो.

मी तुला सोडणार होतो, हे तुला माहीत आहे. माझ्या बापाचं म्हणणं होतं, टेम्पो मोंढ्यात लावला तर रोज काम आहे, आणि तुला त्या बँडमध्ये ओळखतं कोण? ते लागलं मला, कारण खरं होतं. लोह्याच्या रस्त्यावर चहाला थांबलो तेव्हा मी सांगून टाकलं, दसऱ्यापासून मी नाही. इरफान तावातावानं बोलायला लागला, "ऐसा कैसा रे, नक्को रे." तू बशी पुसत राहिलास आणि म्हणालास, "बरं." तुझं ते 'बरं' मला बिलकूल आवडलं नाही.

त्याच्या पुढच्याच रविवारी गंगाधररावांचा पहिला फोन आला.

"हॅलो ताई, म्या गंगाधरराव बोलायलो, हदगावहून. ते आउटरवालं लावा."

"लावते की. शेतात आहात का गंगाधरराव?"

"हाव, कापसात हाय. अन् ताई, एक सांगायचं व्हतं. त्या गाण्यात मागं कुणीतरी जाड तारंचं वाजवायलंय बघा, घुम्म घुम्म. त्याचं कुणी नावच घेईना. त्या पोराला सांगा, हदगावात एक म्हातारा निसतं तुझंच ऐकतोय."

मी घरात उभा होतो. बायको स्वयंपाकघरातून धावत आली, "अवो, तुमचं सांगायलेत!" बाप ओट्यावर होता. रेडिओचा आवाज त्यानं स्वतः वाढवला. पुढच्या रविवारी पुन्हा. त्याच्या पुढच्या रविवारी पुन्हा. एकदा तर ते म्हणाले, "दुसऱ्या कडव्याला त्यो गडी जरा उशिरानं येतोय ताई. थांबलेली गाडी दचका देती ना, तसं वाटतंय. ते लई झकास." माझी चूक! हदगावच्या कापसात उभ्या असलेल्या म्हाताऱ्याला माझी चूक झकास वाटत होती.

दसरा आला आणि गेला, मी बँड सोडला नाही. लोक मला विचारायला लागले, "जाड तारवाले तुम्हीच का?" एवढंच, बाकी काही नाही. पण ते पुरलं मला.

आणि मग माझ्यातला पंचनामा जागा झाला. कापसात उभा माणूस, खिशात छोटा मोबाइल किंवा हातभर रेडिओ. त्यातून माझ्या जाड तारा ऐकू येतातच कशा? मला स्वतःला येत नाहीत! आणि फोन कधीपासून सुरू झाले, तर मी सोडतो म्हणाल्यापासून. आणि आवाज काढण्यात तर तू उस्ताद. मी मोबाइलवर गंगाधरराव रेकॉर्ड करून ठेवले, पुन्हा पुन्हा ऐकले. कधी वाटायचं, हा शंभर टक्के तूच. कधी तो असा खोकायचा की वाटायचं, हे तुला जमणार नाही. 

हदगावला कार्यक्रमाला गेलो तेव्हा मी बाजारात उतरून विचारलं. पानवाला म्हणाला, "गंगाधरराव? कंचे? हितं गल्लीगल्लीत गंगाधरराव हायत. कापूसवाले म्हणता? समद्यांचाच कापूस हाय." मी अजून विचारणार तेवढ्यात तू मागून हाका मारायला लागलास, चल, उशीर होतोय, साउंड लावायचाय. उशीर झालेला नव्हता. ते मी टिपून ठेवलं. रेडिओच्या ताईंना जाऊन भेटलो. त्या हसून म्हणाल्या, "फोन करणाऱ्यांचे नंबर आम्ही कुणाला देत नाही दादा. आणि तुम्हाला कशाला पाहिजे? ते तर तुमचं कौतुक करतात." त्या जरा जास्तच हसल्या असं मला वाटलं.

पुढच्या वर्षी गणपतीच्या आधी मी लातूरला आलो, गंजगोलाईतल्या तुमच्या दुकानात. तू नव्या गाण्याची चाचणी करत होतास. तुझी ती पद्धत जगावेगळी. रेकॉर्डिंग मोबाइलवर घ्यायचं, मोबाइल रिकाम्या पितळी घागरीत सोडायचा आणि घागरीला कान लावून डोळे मिटून बसायचं. म्हणायचास, घागरीत जे चांगलं वाटतं ते सगळीकडं चांगलं वाटतं. गिऱ्हाईक भाव विचारायला ताटकळत उभं, तू घागरीत. मी घागर बाजूला सारली आणि सरळ विचारलं.

"मन्या, गंगाधरराव तू हाईस का न्हाई?"

"काय बोलायलास बे."

"खरं सांग. मला धरून ठेवायला फोन करायलास. टेम्पो जाईल म्हणून."

तू माझ्याकडं बघितलंस. रागावलास असं वाटलं नाही, पण तोंड उतरलं. म्हणालास, "टेम्पोसाठी मी दर रविवारी म्हाताऱ्याचा आवाज काढायलो, असं वाटतंय तुला?"

"मग तू सांग ना. छोट्या रेडिओत जाड तारा ऐकू येतात का?"

"घागरीत ठिवून ऐकत असंल त्यो."

एवढं बोललास आणि गिऱ्हाइकाला पातेल्याचा भाव सांगायला वळलास. माझ्या दृष्टीनं तो कबुलीजबाब होता. घागरीत ठेवून गाणं ऐकणारा माणूस सगळ्या मराठवाड्यात एकच, तो माझ्या समोर उभा होता. मी चहा न घेता निघालो. तुझे वडील मागून हाक मारत होते.

नंतर आपण वाजवत राहिलो, हसलोही, पण तो विषय तू काढला नाहीस आणि मीही नाही. दिवाळीनंतर बापाची तब्येत ढासळली, मोंढ्याचं काम झेपेना, टेम्पो विकला. तुला फोनवर सांगितलं तर म्हणालास, "बरं झालं, जीप भाड्यानं करू." मग जीप आली. जीपवाला स्वतः चालवायचा. त्याच्याशेजारी इरफान बसायला लागला, खूश होता बिचारा. तू मागं बसायचास. आणि गंगाधरराव रविवारी फोन करत होते, कधी कापसातून, कधी सोयाबीनच्या खळ्यावरून, कधी नुसतेच घरून.

उन्हाळ्यात तू आजारी पडलास. दवाखान्यातून फोन केलास, आवाज अगदी खोल गेलेला. म्हणालास, "पंचनामा, बरा होऊन येऊ दे, तुला एक सांगायचंय." मी म्हणालो, आत्ता सांग. म्हणालास, "न्हाई बे, समोरासमोर सांगायचंय. तुझं तोंड बघायचंय मला." काय सांगणार होतास? हा तुझा शेवटचा दगा. मी चिडून चिडून रडलो आहे त्यावर, तुला सांगतो.

तुला माती देऊन आम्ही परत निघालो, इरफान आणि मी. अहमदपूरच्या पुढं एका धाब्यावर थांबलो. भट्टीजवळचा माणूस पोहे परतत होता आणि कुठूनतरी गाणं वाजत होतं, घुमत होतं. मी बघितलं, तर तेलाचा रिकामा डबा, वरून कापलेला, आणि त्यात मोबाइल. गाणं दुसरंच होतं कुठलंतरी. पण त्यातल्या जाड तारा अशा वाजत होत्या की डब्याचा पत्रा थरथरत होता.

मी विचारलं, "हे डब्यात कामून ठिवलंय?"

तो म्हणाला, "आवाज घुमतोय ना दादा. आमच्या हिकडं समदेच ठिवतात. कुणी डब्यात, कुणी घागरीत, कुणी माठात."

समदेच ठिवतात! माझा सगळ्यात पक्का पुरावा त्या धाब्यावर फुटला. म्हणजे हदगावात खरंच कुणी म्हातारा असेल, घागरीला कान लावून बसलेला. म्हणजे माझं वाजवणं खरंच कुणीतरी ऐकत असेल. मला आनंद व्हायला पाहिजे होता. झाला नाही. मी पोह्यांची ताटली तशीच ठेवली, कारण तेव्हा मला कळलं की इतके दिवस मनातून मला गंगाधरराव तूच निघायला हवा होतास.

त्या रविवारी रेडिओवर ताईंनी तुझ्याविषयी सांगितलं. खूप फोन आले. किनवटच्या वसतिगृहातल्या, आता मोठ्या झालेल्या एका मुलीनं ताटल्यांची आठवण सांगितली. उदगीरहून एकजण अर्धं कानडीत रडला. गंगाधररावांचा फोन आला नाही. त्याच्या पुढच्या रविवारी आला नाही. मी घरात फेऱ्या मारत होतो. बायको म्हणाली, "त्येंना बी दुःख झालं असंल." होऊ शकतं. तू गेल्याचं ऐकून त्या म्हाताऱ्याला फोन करू वाटला नसेल. किंवा फोन करणाराच गेला असेल. दोन्ही गोष्टी सारख्याच खऱ्या वाटतात आणि विचारायला कुणी उरलेलं नाही.

मी हे सगळं इरफानला सांगितलं. टेम्पोची शंका, जाड तारा, घागर, सगळं. त्यानं शांतपणे ऐकून घेतलं. मग म्हणाला, "एक बात बता मेरेकू. टेम्पो तो दिवाली के बादच बेच दिए ना तुम?"

"हो."

"उसके बाद वो बुड्ढा फोन बंद किया क्या?"

मी बोटांवर रविवार मोजायला लागलो.

"और जीप में वो पीछे कायकू बैठता था रे? सामने की सीट मेरेकू देके?" इरफाननं माझ्या डोक्यावर टपली मारली. "पूरी दुनिया का पंचनामा किया तू. इत्ता नहीं दिखा?"

नाही दिसलं, मन्मथ. टेम्पो गेला, चालवणारा मी राहिलो नाही, आणि तू पुढची खिडकी सोडून मागं माझ्या शेजारी येऊन बसलास. माझ्याकडं तेव्हा वाजवण्याशिवाय काहीही नव्हतं, तरी आलास.

तुझे वडील मला दुकानात बोलावून म्हणाले, "दत्ता, ही घिऊन जा. मन्याची हाय. आम्ही गिऱ्हाइकाला देणार न्हाई ही." ती घागर आता माझ्याकडं आहे. आत हात घातला तर तळाशी मोबाइल ठेवून ठेवून पडलेले चरे लागतात बोटांना.

गेल्या रविवारी मी फोन लावला. घागर घेऊन गच्चीवर गेलो, बायकोला सांगितलं नाही. बऱ्याच वेळानं लागला.

"हॅलो ताई, म्या गंगाधरराव बोलायलो. हदगावहून."

मला वाटलं, पकडला गेलो. मला तुझ्यासारखं जमत नाही, माझा म्हातारा नांदेडच्या मोंढ्यातला वाटतो.

"गंगाधरराव," ताई म्हणाल्या, "किती दिवसांनी. आवाज बदलला की हो तुमचा."

"वय झालं ताई."

"बरं. काय लावू? ते जाड तारवाल्याचंच ना?"

"हाव, तेच. पण ताई, आज त्या जाड तारवाल्यासाठी न्हाई. त्यो गाणारा हाय ना, त्याच्यासाठी लावा. त्याला म्हणावं, हदगावात एकजण निसतं तुझंच ऐकतोय."

गाणं लागलं. मी फोन ठेवून मोबाइलवरच रेडिओ लावला, तो घागरीत सोडला आणि कान लावला. तुझा आवाज आला, गाव दिसतंय म्होरं, आणि दुसऱ्या कडव्याला मी उशिरा आलो, जसा तू ठेवला होतास तसा. गाणं संपण्याआधीच घागरीत इरफानचा फोन वाजायला लागला. रेडिओ त्यानंही ऐकला असणार, त्याला काय विचारायचंय ते मला माहीत होतं. मी उचलला नाही.

पुढच्या रविवारीही मी फोन करीन, त्याच्या पुढच्याही. आपलं कुणी ऐकतंय की नाही, ही शंका तुझ्या वाट्याला यायला नको. आपल्यात संशयी मी एकटा पुरे.